आज्ञा कोणाची पाळायची? : पंडिता रमाबाईंची जीवनयात्रा

शाळेत असताना आपण सर्वांनी रजेचे अर्ज लिहिले. कोणी ताप आला म्हणून, कोणी मामाच्या लग्नासाठी, तर कोणी कापूस वेचणीला घरी माणूस नाही म्हणून. कारण कोणतेही असो, अर्जाचा शेवट ठरलेला असे : आपला आज्ञाधारक विद्यार्थी किंवा आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी. त्या शब्दाचा अर्थ तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे संसार आणि नोकरी सुरू झाली, तेव्हा कळले की आज्ञा एकच नसते. घरची एक असते, भावकीची दुसरी, साहेबाची तिसरी, धर्माची चौथी आणि मनातल्या देवाची पाचवी. या साऱ्या एकाच दिशेला नेतात असे नाही. मग आज्ञाधारक म्हणजे नेमके कोणाचे ऐकणारा?

ख्रिस्ती जीवनात आज्ञापालनाला फार मोठे स्थान आहे. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाची आणि जड अन्न पचवणाऱ्या प्रौढाची तुलना येते. विश्वासातही असेच बाळपण आणि प्रौढपण असते, असा तिचा आशय. त्याच पत्रात येशू स्वतः दुःख सोसून आज्ञापालन शिकला, असेही सांगितले आहे. म्हणजे आज्ञापालन ही उपजत मिळणारी वस्तू नाही. ती शिकावी लागते, आणि त्या शिक्षणाची फी जबर असते.

आपल्या जालना परिसराला हा विषय परका नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात त्यासाठी जमीन मिळाली. जुन्या पिढीला ते नाव ठाऊक आहे. आज्ञापालनाचा प्रश्न मात्र ज्यांच्या आयुष्यात सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा धडा आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. धड्यात न मावलेली गोष्ट येथे सांगायची आहे.

वडिलांचे बंड आणि वडिलांची निष्ठा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. तीर्थयात्रेत गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाची भेट झाली आणि त्याने आपली ९ वर्षांची मुलगी अनंतशास्त्र्यांना दिली. तेव्हा अनंतशास्त्र्यांचे वय ४४ होते. त्या मुलीला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले. बायकोला देवभाषा शिकवतो म्हणून समाज खवळला. उडुपीला धर्मपंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांचेच आधार काढून आपली बाजू मांडली, पण मागे हटले नाहीत. अखेर रानात जाऊन राहिले.

हेच अनंतशास्त्री दुसऱ्या बाजूने अत्यंत शास्त्रनिष्ठ होते. पोथीत सांगितले तसे दान, व्रते, तीर्थयात्रा. घरातले किडूकमिडूक संपेपर्यंत दानधर्म चालू राहिला. पुराण सांगून मिळेल त्यावर कुटुंब भारतभर पायी फिरत होते. लहानग्या रमेला आईने पहाटे उठवून शिकवले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ झाले. थोरल्या बहिणीचे बालपणीच लावलेले लग्न दुःखाचे ठरले होते, म्हणून रमेचे लग्न वडिलांनी लहानपणी केले नाही.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगमेहनतीची मजुरी करणे वर्णाला शोभत नाही आणि भीक मागणे जमत नाही, अशा कात्रीत हे कुटुंब सापडले. तिरुपतीच्या रानात ११ दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४च्या सुमारास आधी वडील गेले आणि काही आठवड्यांतच आई. आईच्या प्रेताला खांदा द्यायला चौघे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान होती, म्हणून तिरडीची बाजू तिने खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते. पुढे थोरली बहीणही गेली.

आपल्याकडच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. १९७२चा दुष्काळ, खडीकेंद्रावरची मजुरी आणि सुकडी आपल्या थोरल्यांनी पाहिली आहे. रमाबाईंच्या मनावर मात्र भुकेबरोबर एक प्रश्नही कोरला गेला. वडिलांनी एकही आज्ञा मोडली नव्हती. मग हे का झाले?

कलकत्ता ते पुणे

उरलेली दोन भावंडे उत्तरेकडे चालत राहिली. काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी सभेत संस्कृत बोलते, याचे साऱ्या देशाला नवल वाटले.

कलकत्त्यातच केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला दिले. स्त्रीने वेद वाचू नयेत हे लहानपणापासून मनात बसलेले होते, म्हणून ती आधी बिचकली. नंतर वाचू लागली. स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे तपासताना तिच्या ध्यानात आले की हे ग्रंथ अनेक बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण स्त्रीला कमी लेखण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे. वडिलांनी शिकवलेली विद्याच तिला वडिलांच्या वाटेपासून दूर नेऊ लागली.

भाऊही वारला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. मुलगी मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती गेले. संसार दोन वर्षेही टिकला नाही. चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा असे सगळे गेलेले.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली. पुण्यातच वाँटेज येथील संघाच्या ख्रिस्ती भगिनींशी ओळख झाली आणि वैद्यकशास्त्र शिकायच्या इराद्याने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाचा बेत मागे पडला.

नव्या घरातली शिस्त

इंग्लंडमध्ये त्यांनी एक गोष्ट पाहिली आणि त्या हलून गेल्या. ज्यांना समाज पतित म्हणून टाकून देतो अशा स्त्रियांची सेवा या भगिनी प्रेमाने करीत होत्या. हे बळ कोठून येते, असे त्यांनी विचारले तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय त्यांच्यापुढे आला. विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, ती कथा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला.

अनेक चरित्रे येथे थांबतात. धर्म बदलला आणि गोष्ट संपली, असे वाटते. खरे तर आज्ञापालनाचा कठीण धडा येथेच सुरू झाला. वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती की नव्याने ख्रिस्ती झालेल्या या तरुणीने चर्चच्या वडीलधाऱ्यांचे मुकाट्याने ऐकावे. रमाबाई ऐकत होत्या, पण मुकाट्याने नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, कारण आपल्या देशातील बायांना लॅटिन कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मांसमच्छी त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. त्यांना याचे आश्चर्य वाटले. भारतात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या बाईला ख्रिस्ती देशात ही बंदी! त्रैक्याच्या सिद्धांताबद्दलच्या शंकाही त्यांनी लपवल्या नाहीत.

सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते, आणि याच कारणाने त्यांना या वागण्यात गर्व दिसे. दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन्ही बाजूंची तळमळ कळते. महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शंका घेणे हा गुन्हा मानला नाही. रमाबाईंची भूमिका थोडक्यात अशी होती : देवाच्या वचनापुढे मी मान वाकवते, पण माणसाचा शब्द हा देवाचाच शब्द आहे असे कोणी म्हणाले, तर ते मला तपासून पाहिले पाहिजे. एका पुरोहितवर्गाच्या हुकमतीतून सुटून दुसऱ्याच्या हुकमतीत जायला त्या तयार नव्हत्या.

येथे वाचकाला वाटेल की हा हट्टीपणाच. काही अंशी असेलही, वय सव्वीस-सत्तावीसचे होते. पण त्या शंका घेऊन पळून गेल्या नाहीत. प्रार्थना सोडली नाही, बायबल सोडले नाही, येशूला सोडले नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त अजून मिळायचा होता. बुद्धीने पटलेली गोष्ट अंतःकरणात उतरायला तेवढा काळ लागला.

शारदासदन

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला हजर राहिल्या. तेथे जवळजवळ तीन वर्षे हिंडून व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे ठेवून. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. आपल्या विश्वासावर लोकांनी मुली पाठवल्या, हे ओझे त्यांच्यावर होते. पण रमाबाईंपुढेही पेच होता. दार लावून घेतले असते तर पैसा, प्रतिष्ठा आणि विद्यार्थिनी सारे वाचले असते. त्यांनी दार लावले नाही. मुलींवर सक्ती करायची नाही आणि स्वतःचा विश्वास लपवायचाही नाही, अशी त्यांची रेघ होती. त्याची किंमत त्यांनी मोजली.

दुष्काळ आणि केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना तिरुपतीचे रान आठवले. हाती पैसा थोडा होता, तरी त्या निघाल्या. उपासमारीने अर्धमेल्या झालेल्या आणि दलालांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि शहरात नव्या मुली ठेवता येईनात. तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी आधीच घेतलेल्या १०० एकर जमिनीवर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. (हे केडगाव अहिल्यानगर शहरालगतचे नव्हे, पुणे-दौंड लोहमार्गावरचे.) हेच मुक्ती सदन.

प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ पाहून रमाबाईंनी १८९७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या वृत्तपत्रात सरकारवर उघड टीका केली. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज सरकारच्या आज्ञेत गेल्या, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते.

१८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ तर फार मोठा. त्या वेळी निजामाच्या मुलखात असलेला आपला औरंगाबाद-जालना भागही होरपळला. मनमाडहून बदनापूर, जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली ती त्याच सुमारास. रमाबाईंची माणसे गुजरात आणि राजपुतान्यात गेली. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या २,०००च्या आसपास पोचली.

या सर्वांना रोज जेवायला घालायचे, नेसवायचे, शिकवायचे. पहाटेची घंटा, प्रार्थना, शाळा, मग काम. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना, सारे स्त्रिया चालवीत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवायचे काम मनोरमाबाईंनी उभे केले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे. जिच्या घराण्यात अंगमेहनत निषिद्ध होती, तिच्या आश्रमात हाताने काम न करणारी बाई नव्हती. वडिलांच्या उपासमारीतून घेतलेला हा धडा होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. जिने स्वतः वडीलधाऱ्यांची आज्ञा तपासून घेतली, तिने आपल्या आश्रमात मात्र कडक शिस्त ठेवली. याला विसंगती म्हणावे का? दोन हजार माणसांचे घर घंटेशिवाय चालत नाही, हे कोणत्याही वसतिगृहाच्या रेक्टरला विचारा. फरक असा की त्या स्वतः त्या घंटेला बांधलेल्या होत्या. साधे पांढरे सुती लुगडे, सर्वांच्यासारखे जेवण आणि पहाटेची प्रार्थना. जी आज्ञा त्या इतरांना देत, ती आधी स्वतः पाळत. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले आणि त्याची वार्ता जगभर गेली. त्याआधीचे महिनोन्‌महिने शेकडो मुली रोज एकत्र प्रार्थना करीत होत्या.

शेवटची १८ वर्षे

पन्नाशीकडे झुकताना रमाबाईंनी सर्वांत मोठे काम हाती घेतले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायचे. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळले. खेड्यातल्या, नुकतेच वाचू लागलेल्या बाईला कळेल असे लिहायचे, हा नेम. कान जवळजवळ गेलेले, व्याप मोठा, तरी सुमारे १८ वर्षे हे काम चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. ज्या मुली दुष्काळात मरायला टेकल्या होत्या, त्यांनीच खिळे जुळवले आणि यंत्रे चालवली.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. सोबत राहिलेले एकुलते एक माणूस. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा तिनेच चालवली होती आणि मुक्तीचा भार तिच्याच खांद्यावर ठेवायचा बेत होता. तरी रमाबाई कामाला बसल्या. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. वय ६४ला थोडे कमी. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्यासाठी

या जीवनाकडे पाहिले तर आज्ञापालनाच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली वडिलांच्या घरची : पोथीत आहे म्हणून करायचे. दुसरी तरुणपणची : प्रत्येक आज्ञा तपासायची, पटेल तीच घ्यायची. बरेच जण या दुसऱ्या पायरीलाच प्रौढपण समजतात आणि तेथेच थांबतात. रमाबाई पुढे गेल्या. तिसऱ्या पायरीवर आज्ञा कामाच्या रूपात समोर येते. दारात उपाशी मूल उभे असते आणि त्याला आत घ्यायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. तेथे वाद घालायला जागा नसते. दुसरी पायरी टाळून तिसरीवर जाता आले नसते, हेही खरे. ज्याने कधी प्रश्नच विचारला नाही त्याचे आज्ञापालन पहिल्याच दुष्काळात तुटते, किंवा आंधळे होते.

आपण सारे आता अशा वयात आहोत की आज्ञा देणारे बहुतेक निघून गेले आहेत. गुरुजी गेले, आईवडील गेले किंवा थकले. उलट आता घरात, कार्यालयात, गावात आपलेच ऐकले जाते. अशा वेळी स्वतःला विचारावे की मी अजून कोणाचे ऐकतो? आणि मी सांगतो ते मी स्वतः करतो का? धर्म कोणताही असो, हे दोन प्रश्न सर्वांना लागू आहेत.

आपल्यापैकी कितीतरी जण पोटापाण्यासाठी पुण्याला स्थायिक झाले आहेत. त्यांनी सवड काढून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरावे. मुक्ती मिशन आजही चालू आहे. मुलाबाळांना बरोबर न्यावे आणि हा आश्रम कोणी, कोणत्या भुकेतून उभा केला, ते त्यांना तेथेच उभे राहून सांगावे.